जकातवाल्याच्या घरातलं शेवाळ

"जेवलास का?" असं आमच्या काउश्युंग बंदरात माणसं दिवसभर एकमेकांना विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतसुद्धा नाहीत. माझ्या दादाला, लू चिंग-च्वानला, कोणी हे विचारलं तर तो थांबतो, समोरच्याकडे नीट निरखून बघतो आणि म्हणतो, "का?" एवढं सांगितलं की त्याची निम्मी ओळख झाली.

उरलेली निम्मी बंदरावरची. नोकरी लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत तो जकातीच्या टेबलामागे उभा होता. बोटीवरून उतरलेल्या खलाशांच्या पिशव्या उघडायच्या, हे त्याचं काम. तो कधी कोणावर ओरडला नाही. संशय आलेली वस्तू दोन बोटांत उचलायची, उजेडात धरायची आणि हलक्या आवाजात विचारायचं, "हे काय आहे?" ते काय आहे हे त्याला ठाऊकच असायचं. पण उत्तर देताना माणूस कुठे बघतो, ते त्याला बघायचं असायचं. चहाच्या डब्यातली घड्याळं, सुक्या मासळीच्या पोटात शिवलेलं सोनं, सगळं त्याने या तीन शब्दांवर बाहेर काढलं म्हणे. माझ्या लग्नात सासरी जायची पेटी मी दोरीने बांधून ठेवली होती, तर या बाबाने ती उंबऱ्यावर परत सोडायला लावली. सासरची माणसं गाडीत बसून राहिलेली आणि हा माझे नवे कपडे एकेक उलगडून बघतोय. वर म्हणतो कसा, सवय आहे, राग मानू नकोस. मी मानला, आणि अजून मानते.

निवृत्त झाला, बोटी गेल्या, संशय तेवढा घरी घेऊन आला. माझं नाश्त्याचं दुकान त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे. सकाळचं गिऱ्हाईक ओसरलं की मी आईसाठी मासळीची पेज आणि त्याच्यासाठी सोयाचं दूध आणि अंड्याची पोळी घेऊन जाते. दुधाचा पेला तो आधी खिडकीच्या उजेडात धरतो. आज पाणी जास्त वाटतंय, म्हणतो. सख्ख्या बहिणीला! मीही म्हणते, पैसे देतोस का, मग पी गुपचूप.

वहिनी गेल्यापासून घरात माणसं तशी मोजकीच. आमची आई, नव्वदीला टेकलेली आणि चाकाच्या खुर्चीत बसलेली. तिला सांभाळायला इंडोनेशियातून आलेली वार्तिनी. आणि दादाचा एकुलता एक मुलगा चुन-लियांग, जो घरात नव्हताच. तो माकुळ पकडणाऱ्या बोटीवर, पृथ्वीच्या पार त्या टोकाच्या समुद्रात. बोट एखाद्या बंदराला लागली तर फोन, नाहीतर नुसती वाट बघायची.

घरातली माशांची टाकी त्याची. तीन फुटी काचेची, हिरव्यागार पाणवनस्पती लावलेली, आणि आत सातरंगी मासे, बशीसारखे चपटे. देव्हाऱ्याच्या शेजारी मुद्दाम बुटक्या कपाटावर ठेवली होती त्याने, आजीला खुर्चीत बसल्या बसल्या दिसावी म्हणून. दाणे टाकायची झाकणातली फटही तिच्या कोपराच्या उंचीला येते. जायच्या दिवशी आजीजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, आजी, मी येईपर्यंत हे तुझ्या हवाली. बापाशी फारसं काही बोलला नाही. कारण बाप त्या वेळी दाराशी बसून त्याची पिशवी तपासत होता. पोटचा पोरगा दोन वर्षांसाठी समुद्रावर निघालाय आणि हा त्याचे मोजे चाचपतोय! मी त्या दिवशी दादाशी बोलले नाही.

चुन-लियांग गेला आणि पुढच्या हिवाळ्यात आईला खोकला झाला. आमच्याकडे जुनी माणसं औषधाआधी मात्सूआईच्या देवळात जातात. समुद्राची आई ती, सगळ्यांची काळजी घेते. तिच्या धूपपात्रातली चिमूटभर राख कोमट पाण्यात घालून प्यायची. आई चिमूटभर नाही, चांगली वाटीभर प्यायली असावी, कारण दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे एका कोवळ्या डॉक्टरने दादाला सगळ्यांसमोर झापलं. दुसऱ्याचं कधी ऐकून न घेतलेला माणूस, लाल होऊन घरी आला आणि घरात राखेचा कण दिसता कामा नये असा हुकूम सोडला. देव्हाऱ्यातल्या उदबत्त्यासुद्धा काढल्या. त्यांच्या जागी टोकाला लाल दिवा लागणाऱ्या विजेच्या उदबत्त्या आणल्या. आई त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाली, की धूर दिसत नाही, आता मात्सूआईनेही चष्मा लावावा.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काच हिरवी व्हायला लागली.

आधी नुसती धूळ बसल्यासारखी. दादाने फडक्याने पुसली. आठवड्यात पुन्हा. मग पानांच्या कडांना हिरवे केस फुटले, दगडांवर बुळबुळीत गालिचा चढला. टाकीतले मासे आणले होते त्या ज्येनच्या दुकानात दादा गेला. ज्येन म्हणाला, शेवाळाला तीनच गोष्टी लागतात, उजेड, खायला, आणि न बदललेलं पाणी. तीनही आवळा, आपोआप मरतं. दादाने आवळल्या. दिव्याला टायमर लावला, खिडकीला जाड पडदा. दाण्यांचा डबा खणात ठेवून कुलूप, किल्ली कमरेला. दर आठवड्याला थोडं पाणी काढून नवं, तेही रात्रभर बादलीत मुरवलेलं. शेवाळ खाणाऱ्या बारीक कोळंब्या सोडल्या. जरा फरक पडला, आणि मग पहिल्यापेक्षा दुप्पट आलं.

झालं. दादाच्या मनात पाल चुकचुकली. वनस्पती विकल्या कोणी? ज्येनने. मग शेवाळाचं बी त्यानेच चिकटवून दिलं असणार, पुढे औषध खपवायला. सरळ दुकानात जाऊन औषधाची बाटली दोन बोटांत धरली आणि विचारलं, "हे काय आहे?" ज्येन म्हणाला, शेवाळाचं औषध आहे, पण तुम्ही घेऊ नका, मूळ कारण सापडत नाही तोवर उपयोग नाही. दुकानदार असून माल विकत नाही म्हटल्यावर दादाला घोर लागला. तो मला म्हणाला, हा माणूस साधा नाही.

मग त्याने ज्येनच्याच सांगण्यावरून टाकीला काळं कापड गुंडाळलं. काही दिवस पूर्ण अंधार केला की शेवाळ गळतं म्हणे. मासे तेवढं सोसतात. आईला मात्र ते सोसवेना. पोराला अंधारात कोंडलं, पोराला अंधारात कोंडलं, असं दिवसभर पुटपुटायची. एकदा मी पेज घेऊन गेले तर तिचा हात कापडाखाली. मला वाटलं, म्हातारी माशांना थोपटतेय. कापड काढलं तेव्हा टाकी खरंच बरीच स्वच्छ झाली होती. दादा लहान मुलासारखा हसला. महिना गेला नाही तोच पुन्हा हिरवी.

आता त्याने घराकडे नजर वळवली. दुपारी तो बागेत वडाखाली बुद्धिबळ खेळायला जातो. जाताना झाकणाच्या फटीवर थुंकी लावून स्वतःच्या डोक्याचा एक केस चिकटवायला लागला. बंदरावरची जुनी युक्ती. बरेच दिवस केस जागच्या जागी. मग पौर्णिमेच्या दुपारी गायब, अमावस्येनंतरही गायब. वार्तिनीला विचारलं तर म्हणाली, धूळ पुसली. ते ऐकून दादा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि कुजबुजला, की आई उठू शकत नाही, मी बाहेर असतो, या घरात चालती पावलं एकाच माणसाची आहेत. उरलेला भात ओतत असेल, आणि मुद्दाम ओतत असेल. मी म्हटलं, तिचं काय घोडं मारलंय माशांनी? तो म्हणाला, ते शोधायचंच बाकी आहे.

मी त्याला हसले खरी, पण माझ्याही डोक्यात किडा वळवळत होता. कारण मी एक गोष्ट पाहिली होती आणि दादाला सांगितली नव्हती. पौर्णिमेच्या सकाळी मी मात्सूआईला फळं ठेवून बाहेर येत होते. दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे, वार्तिनी उभी. डोक्याला रुमाल, हातात भाजीची पिशवी. ती मुसलमान, आत येत नाही. देवळातला म्हातारा झाडूवाला बाहेर आला आणि तिच्या हातात काहीतरी लाल कोंबून गेला. मला बघितल्याबरोबर तिने ते पिशवीत सारलं आणि म्हणाली, "आत्या, जेवलात का?" चुन-लियांग मला आत्या म्हणतो, म्हणून तीही म्हणते. मी हो म्हटलं आणि चालायला लागले. कुठेतरी पाणी मुरत होतं. पण दादाच्या कानावर घालायचं म्हणजे आगीत तेल.

शिवाय पोरीचा करार त्याच महिन्यात संपत होता. दादाने सही केली तर ती आणखी राहणार, नाहीतर एजंट येऊन घेऊन जाणार. आणि तक्रारीचा शिक्का बसलेल्या बाईला पुढचं घर कोण देतंय? तिला राहायचं होतं. एकदा माझ्या दुकानात कणीक मळू लागताना बोलून गेली होती. आधीच्या घरात ती स्वयंपाकघरात चटई टाकून झोपायची, इथे खोली आहे, आतून कडी लागते. डुकराचं शिजतं त्या कढईला ती हात लावत नाही म्हणून आईने तिला वेगळी कढई आणवली, आणि त्या कढईत दादाने चुकून सॉसेज तळलं तर म्हातारीने अबोला धरला होता. दवाखान्यातून आल्यापासून आई दुसऱ्या कोणाच्या हातून घास घेत नव्हती, माझ्याही नाही. पोटची लेक मी, पण माझ्या हातची पेजसुद्धा वार्तिनीच्या चमच्यातून आत जायची.

आणि मग एका सकाळी एक मासा मेला.

मी पोचले तेव्हा दादा टाकीसमोर उभा होता, हातात जाळी, जाळीत तो चपटा मासा. आईचा चेहरा पांढराफटक. दादाने मासा पेपरात ठेवला, हात धुतले, पुसले, वार्तिनीच्या खोलीत गेला आणि तिची पिशवी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. मी म्हटलं, दादा, हे बरं नाही. त्याने ऐकलं नाही. एकेक वस्तू काढायला लागला. नमाजाचं कापड, तोंडाला लावायचं क्रीम, कोणा बाईचा फोटो, अर्धा बिस्किटांचा पुडा. वार्तिनी भिंतीला टेकून उभी होती. तळाशी लाल कागदाची पुडी. त्याने ती उघडली. आत करडी भुकटी.

"हे काय आहे?"

वार्तिनीने त्याच्याकडे बघितलं नाही, पुडीकडेही नाही. तिने आईकडे बघितलं. दादाने ते टिपलं, जन्मभर तेच तर केलं होतं. पण या वेळी त्याने अर्थ लावला उलटा. म्हातारीच्या आडोशाला लपतेय, असं म्हणाला आणि तिथेच उभ्या उभ्या एजंटला फोन लावला, की आजच येऊन हिला घेऊन जा, घरात विष ठेवते. वार्तिनी रडली नाही. टेबलाजवळ आली आणि विखुरलेल्या कपड्यांची एकेक घडी घालायला लागली.

"चिंग-च्वान," आई म्हणाली, "ते माझं आहे."

दादा वळला. आई सांगत गेली. मात्सूआईची राख होती ती. घरात आणायची बंदी, म्हणून वार्तिनीकडून मागवायची आणि कोणाला सांगणार नाहीस असा शब्द घ्यायची. पोरगी शब्दाला जागली.

"पुन्हा प्यायलीस?" दादा ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"मी कशाला पिऊ? मला काय झालंय? मी त्याच्या पाण्यात टाकते." आईने टाकीकडे बोट केलं. "पोरगं पाण्यावर आहे. त्याच्या बोटीपर्यंत माझा हात पोचतो का? मग त्याचं जे पाणी घरात आहे, त्यात टाकते. शेवाळ वाढलं तेव्हा वाटलं, तिकडे काहीतरी बिघडलंय. म्हणून जास्त टाकली."

माझ्या सासरी केळीच्या बागा. दर मोसमात बुंध्याला राख घालून आम्ही पानं वाढवली. राख म्हणजे खत, हे मला कोणी सांगायला नको होतं. दाणे कुलपात, दिवा टायमरवर, आणि म्हातारी वरून खत घालतेय आणि खताने वाढलं की आणखी घालतेय. मी हे बोलून गेले. बोलले आणि जीभ चावली, कारण आईने पेपरातल्या माशाकडे बघितलं.

"म्हणजे मीच मारला?" ती म्हणाली. मग आणखी हळू, "मग चुन-लियांगला..." मी उठायच्या आधी वार्तिनी तिच्यापाशी पोचली होती. घडी घालता घालता हातातलं कापड तसंच घेऊन, तिच्यासमोर उकिडवी बसली, चुन-लियांग बसला होता तशीच. आईला ती आमा म्हणते, म्हणजे आजी. आमा, मासे म्हातारे होतात, आमा, मासेही मरतात, असं काहीबाही समजावत राहिली.

दादा टेबलाशी उभा. शेवटी म्हणाला, की मी एजंटला परत फोन करतो, येऊ नको सांगतो.

"नको, साहेब," वार्तिनी उठून म्हणाली. "मी जाते. तुम्ही विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं, आमाला शब्द दिला होता. पण पिशवी उघडण्याआधी विचारायला हवं होतं."

ती परत टेबलाशी आली. उरलेल्या घड्या घातल्या, पिशवी भरली, चेन लावली. आईने डोळे मिटून घेतले होते. मी दादाला म्हणाले, माफी माग, मेल्या, जीभ झिजत नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला चिनी सोडून भलत्याच भाषेत काही सांगत होते. आणि तो आत निघून गेला. मला वाटलं, संपलं. हा असाच मरणार.

तो बाहेर आला तो स्वतःची पिशवी घेऊन. नोकरीतली जुनी चामड्याची, जी तो बागेतही काखेत मारून नेतो आणि जिला आम्हा कोणाला कधी हात लावू दिला नाही. ती त्याने वार्तिनीसमोर टेबलावर ठेवली आणि पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला, जिथे प्रवासी उभे राहतात.

"उघड," म्हणाला.

वार्तिनीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने चेन उघडली. सावकाश, एकेक वस्तू काढून रांगेत मांडायला लागली. चष्म्याचं घर. बुद्धिबळाची एक जास्तीची सोंगटी. वहिनीचा फोटो. गोळ्या. दाण्यांच्या खणाची दुसरी किल्ली. आणि आतल्या चोरकप्प्यातून एक लहानशी लाल कापडी थैली, वर मात्सूआईचं नाव विणलेलं. खलाशांच्या गळ्यात असते तीच, आत देवळातली राख शिवलेली. ज्याने घरात राखेचा कण दिसता कामा नये असा हुकूम सोडला, त्याच्याच काखेत ती! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते उगाच नाही.

वार्तिनीने ती थैली दोन बोटांत उचलली. उजेडात धरली.

"हे काय आहे, साहेब?"

दादाने तिच्याकडे बघितलं नाही. टाकीकडे बघितलं. "जोडी आणली होती," तो म्हणाला. "दुसरी त्याच्यापाशी आहे. त्याच्या मोज्यांत."

आईने डोळे उघडले. "त्या दिवशी तू दाराशी बसून त्याची पिशवी तपासत होतास ना?"

"तपासत नव्हतो, आई. ठेवत होतो."

मग आई म्हणाली, की ती इकडे दे. वार्तिनीने थैली तिच्या हातात दिली. आईने ती कपाळाला लावली आणि टाकीच्या झाकणाला बांधायला सांगितली. बाहेरून, असं वार्तिनी म्हणाली, चुन-लियांगही थैलीतली राख समुद्रात ओतत नाही. आई जरा विचारात पडली आणि बरं म्हणाली. मग वार्तिनीने दादाच्या सगळ्या वस्तू होत्या तशा पिशवीत भरल्या, आणि स्वतःची पिशवी उचलून ती चालायला लागली. ती दाराकडे नाही, खोलीकडे वळली. थोड्या वेळाने रिकाम्या हातांनी बाहेर आली, आणि पेज गार झाली, गरम करून आणते म्हणाली.

काच साफ व्हायला पावसाळा उजाडला. एका कोपऱ्यात अजूनही थोडं हिरवं असतं. ज्येन म्हणतो, तेवढं असू द्यावं, कोळंब्यांना खायला लागतं. दादाला त्यातही काहीतरी डाव वाटतो.

पिशव्या उघडल्या त्याच दिवशी दुपारी एजंट आला होता, गाडी घेऊन, कागद घेऊन. फोन परत करायचं राहूनच गेलं होतं. दादाने दार अर्धंच उघडलं. एजंट आपला हसून म्हणाला, लू साहेब, जेवलात का?

दादाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"का?" म्हणाला, आणि दार लावून घेतलं.